महालक्ष्म्यांपुढची आगगाडी

आमच्या वडवणीत आगगाडी बघायची तर परळी गाठावी लागे. बीडला रेल्वे येणार, येणार हे मी लग्न होऊन आले तेव्हाही ऐकत होते आणि पुढं कितीतरी निवडणुकांत ऐकलं. त्यामुळं थोरल्या दिरांनी दुकानात विकायला सेलवर चालणारी आगगाडी आणली तेव्हा ती बघायला अर्धी गल्ली जमली. आमचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, टिकल्या, रिबिनी आणि खेळणी. बाहेरचा स्वस्त माल नुकताच बाजारात यायला लागला होता, त्यातलीच ही. लाल इंजिन, दोन पिवळे डबे आणि एकमेकांत अडकवायचे काळे प्लॅस्टिकचे रूळ. ती गिऱ्हाइकापर्यंत पोचलीच नाही. थोरल्या जाऊबाईंची पाच वर्षांची लेक खोक्यावर बसली ती उठेचना. शेवटी दीर म्हणाले, "राहू द्या. महालक्ष्म्यांपुढं आरास होईल."

आमच्याकडं भादव्यात तीन दिवस महालक्ष्म्या बसतात. थोरली आणि धाकटी, आणि दोघींच्या मध्ये त्यांची लेकरं, एक मुलगा आणि एक मुलगी. त्या लेकरांना पिलवंडं म्हणतात. पुढं आरास मांडायची ती या लेकरांसाठी. त्या वर्षी मधोमध गाडीचे रूळ मांडले आणि माझी पुतणी तीन दिवस फरशीवर पालथी पडून राहिली. गाल शहाबादीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. गाडी अगदी नाकासमोरून गेली की म्हणायची, "काकू, ही खरीच मोठी दिसती."

पुढच्या चैत्रात ती तापानं गेली. सोमवारी ताप भरला आणि गुरुवारी घरात ती नव्हती. याहून जास्त मला आजही सांगता येत नाही.

जाऊबाईंनी रडून घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्या गप्प झाल्या. भाकरी करायच्या, धुणं धुवायच्या, विचारलं तर हो-नाही म्हणायच्या. त्या भादव्यात महालक्ष्म्या साध्याच बसवल्या, आरास नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र पहिल्याच दिवशी जाऊबाईंनी स्वतः माळ्यावरून ते खोकं काढलं, नवे सेल घातले आणि रूळ जोडून गाडी सोडली. सासूबाई काही बोलायला गेल्या तर सासऱ्यांनी हातानंच थांबवलं.

गाडी दमानंच चालत होती. वळणावर आली, पिलवंडांतल्या मुलीसमोर पोचली आणि थांबली. जाऊबाईंनी बोटानं ढकललं. गाडी एक फेरी मारून आली आणि पुन्हा तिथंच, मुलीसमोर थांबली. चार वेळा ढकलली, चारही वेळा तेच झालं. जाऊबाई मांडी घालून बसल्या आणि दीड वर्षात पहिल्यांदा आपणहून बोलल्या.

"आली बघ."

मी विज्ञानाची पदवी घेऊन आलेली सून. फरशी तिथं जराशी उंच आहे हे मला दिसत होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला, हे खोटं कशाला बोलू. त्या दिवशी जाऊबाई दोन घास जास्त जेवल्या आणि माझ्या दंडावरच्या देवीच्या व्रणावरून मला चिडवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे महाजेवणाच्या दिवशी सकाळी, गाडी चालेनाच. जाऊबाई ती पदरात धरून माझ्याकडं आल्या. "तुझ्या हाताला यश हाय. बघ जरा. आज न्हाई आली तर उद्या तर त्यांना उठवायचं."

माझे वडील नांदूरघाटला रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे. मला दागिन्यांपेक्षा त्यांची हत्यारं जास्त आवडायची आणि लग्नात मी एक टेस्टर हट्टानं मागून आणला होता. सासरचा मिक्सर, टॉर्च, इस्त्री, सगळं माझ्याच हाताखालून जाई आणि मला त्याचा तोरा होता. वडील सांगायचे, आधी सेल बघ, मग स्प्रिंग, मग वायर, आणि सगळ्यात शेवटी मोटर. उलट्या वाटेनं जाणारा मेकॅनिक उपाशी मरतो.

सेल नवेच होते. खालचे चार स्क्रू काढले तर स्प्रिंगवर हिरवट भुकटी. जुने सेल आत तसेच राहून पाझरले होते. पॉलिश पेपरनं घासून ती चकचकीत केली. स्प्रिंगची वायर त्याच भुकटीनं खाऊन सुटली होती, तिला कथलाचा डाग द्यायला हवा होता. लाईट नेहमीप्रमाणं सणाच्या दिवशीच गेलेली. मग मी लोखंडी सळई गॅसवर लाल केली. शेजारी पुरणाचं पातेलं. सासूबाई सोवळ्यात होत्या, त्यांनी माझ्या माहेराचा यथास्थित उद्धार केला. पण डाग बसला. सेल घातले तर मोटर गुरगुरली आणि चाकं मात्र हलेनात.

म्हणजे आस अडला होता. इंजिन उलटं करून बघितलं तर दातेरी चाकाच्या मागं काहीतरी काळं, तेलकट गुंडाळलेलं. सुईनं उकललं, ब्लेडनं कापलं आणि ओढून काढलं. केसांचं गुंतवळ होतं. बाहेर सवाष्णी यायला लागल्या होत्या, आंबील उतू चाललेली, मला तिकडून हाका. मी ते गुंतवळ बोटाभोवती फिरवलं, सगळ्या बायका करतात तसं थू केलं आणि न्हाणीघराच्या दारामागच्या पिशवीत कोंबलं. घरातल्या सगळ्या बायकांचे विंचरलेले केस त्या पिशवीत साठायचे.

मग गाडी सोडली आणि काय पळाली म्हणता. वळणावर जरासुद्धा अडली नाही. पिलवंडांसमोरून सुसाट निघून गेली. जाऊबाईंनी सहा फेऱ्या बघितल्या.

"थांबत कावून न्हाई?"

"आता कशाला थांबेल? बिघाडच काढला ना," मी फुशारकीनं म्हणाले.

"काय हुतं?"

"कचरा."

त्या उठल्या आणि पंगतीत वाढायला गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी महालक्ष्म्या हलवल्या. आम्ही दोघी आरास आवरत होतो. जाऊबाई रूळ सोडवता सोडवता म्हणाल्या, "लई खाली वाकून बघायची. एकदा केस आडकले हुते तिचे इंजनात. बोंबलत हुती. तूच कातरीनं कापून सोडवलीस. आठवतं का?"

मला आठवलं. मी कापले होते आणि बाहेर राहिलेले तेवढेच काढले होते. आत काय गेलं ते बघितलं नव्हतं. मी हातातले रूळ तिथंच टाकून न्हाणीघरात गेले. पिशवी रिकामी होती. सकाळी केसांवर भांडी देणारी बाई येऊन गेली होती आणि सासूबाईंनी सगळी पिशवी तिच्या टोपलीत उपडी करून स्टीलची एक छोटी वाटी घेतली होती. मी तशीच रस्त्यावर गेले, बसस्टँडपर्यंत जाऊन आले. ती बाई तेलगावच्या गाडीत बसून गेली, असं चहावाल्यानं सांगितलं.

जाळून राख पाण्यात सोडलेल्या माणसाचं मागं काय उरतं? तिचे कपडे सासूबाईंनी रीतीप्रमाणं देऊन टाकले होते. फोटो एकच, तोही जावळाच्या वेळचा, डोक्यावर केस नसलेला. जे एवढंसं उरलं होतं ते मी थुंकून टाकलं होतं. हे जाऊबाईंना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

त्या पुन्हा गप्प झाल्या. वर्षभर मी त्यांच्या पाठीकडं बघून काम केलं. त्या काळात टीव्हीवर जाहिराती वाढल्या होत्या, लांब केसांच्या बायका मान झटकायच्या आणि मी उठून आत जायची.

पुढच्या भादव्यात महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे लवंडले असताना मी इंजिन खोललं. फणीतले माझेच केस घेतले आणि आसाभोवती गुंडाळले. पहिल्यांदा जास्त झाले, चाकं अडली. मग कमी केले तर गाडी थांबेना. सात केसांवर हिशेब जमला. वळणावर, पिलवंडांतली मुलगी बसवतात बरोबर त्या जागेसमोर गाडी दमून उभी राहिली. देवीच्या जागी बसून मी ही लबाडी केली आणि तिची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी गाडी सोडली. थांबली. "आली," त्या म्हणाल्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत रडले.

मग हे दर वर्षाचं झालं. मागल्या वर्षीचे केस आत कधी सापडायचे नाहीत, झिजून गळाले असतील असं मी धरून चालले. मला मुलगी झाली. तिचे केस अगदी तिच्या गेलेल्या ताईसारखे, भुरे, मऊ. एकदा मनात आलं की हेच घ्यावेत. कात्री हातात घेऊन मी तिच्या उशाशी बसले आणि घाबरून उठले. तिच्या वेळच्या बाळंतपणाच्या वर्षी मी भादव्यात नांदूरघाटला होते. इंजिनाला हात लावायला वडवणीत कुणी नव्हतं. परत आल्यावर नवऱ्यानं सहज सांगितलं, "गाडी थांबली बरं का, नेहमीसारखी." त्या रात्रीपासून मला उशाशी दिवा लागायला लागला.

अशी अकरा वर्षं गेली. गल्लीत केबल आली, दुकानात मोबाईलची कव्हरं लटकली, सासूबाई गेल्या. गाडीच्या एका डब्याची चाकं मोडली म्हणून तो काढून टाकला. त्या वर्षी तिसऱ्या दिवशी मी खोलीत गेले तर जाऊबाई इंजिन मांडीवर उलटं घेऊन बसलेल्या, हातात सुई. त्यांनी वर न बघता म्हटलं,

"औंदा एक पांढरा निघाला गं तुझा."

मी दारातच उभी राहिले. "तुमाला कवापासून ठावं हाय?"

"पयल्या सालापासून. दर साली मीच काढून ठिवते. तिचे इतके लांब कुठं हुते?"

मग मी माहेरी होते त्या वर्षी गाडी कशानं थांबली, हे जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. मी एवढंच विचारलं, "मग बोलला न्हाईत कावून?"

"तू माझ्यासाठी करत हुतीस. मोडू कशाला." त्यांनी सुईवरचा केस पुसला. "पर आता माझं बी वय झालं. तिचे दे मला."

"काय?"

"केस. तू काढलेले. पयल्या साली तू सोताचे घातलेस तवाच मला कळलं, आधी आत आडकलेले तिचे हुते. आन त्या दिशी कातरीचं मी इचारलं, तवा तुझं त्वांड बघितलं हुतं मी. म्हणलं, लाजली असंल. सावकाश दील."

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. सवाष्णी, आंबील, पिशवी, सकाळी आलेली बाई, तेलगावची गाडी. काही लपवलं नाही. इंजिनाचे स्क्रू एकेक करून त्यांनी परत बसवले, चारही.

"तुझ्या ट्रंकंत असतील म्हणलं," त्या म्हणाल्या. "तू माहेरी गेलीस की मी तुझी खोली झाडायला जायची. तिथं बसायची जरा वेळ, ट्रंकंला टेकून. उघडली न्हाई कधी."