सी-५३ आणि पहिलं बाळंतपण

"तुमचा कागद बदला ना, मॅडम. त्याच्यापायी आई मला बाळंतपणाला न्यायला तयार नाय."

आईला तपासणीसाठी घेऊन आलेली, आठवा महिना लागलेली सुजाता थेट आमच्या रेकॉर्ड रूममध्ये येऊन उभी होती. मी आधी तिला खुर्ची दिली.

मी हॉस्पिटलात मेडिकल कोडर आहे. डॉक्टर जो आजार लिहितात, त्याला ठरलेला कोड द्यायचा, हे माझं काम. सुजाताची आई कौसाबाई चितेगावच्या. त्यांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला होता. शेक, म्हणजे रेडिएशन, कधीच संपला होता. तरी दर तपासणीच्या कागदावर तोच आजार, त्याचा तोच कोड, सी-५३. आणि तो कागद आईला वाचून दाखवायची सुजाताच.

"आई म्हणती, अंगात आजार असताना लेकराला न्हाऊ कशी घालू? सासरीच ऱ्हा. पहिलं हाय, मॅडम. माहेरी नको व्हायला?"

मी फाईल उघडली. घोळ नेहमीचाच. मागच्या भेटीची नोंद उचलून पुढच्या भेटीत चिकटवलेली. रिपोर्ट सगळे स्वच्छ. आजार गेला होता, पण कॉपी-पेस्ट त्याला जाऊ देईना.

'पूर्वी होता, आता नाही' याला वेगळा कोड आहे, झेड-८५. पण तो मी मनानं देऊ शकत नाही. डॉक्टरांनी तसं लिहावं लागतं. त्यांच्या तोंडी उत्तर घालायलाही आम्हाला मनाई. फक्त विचारायचं.

मी फोन लावला. "सर, कौसाबाईंच्या आजाराची आजची स्थिती काय?"

"आजार राहिलाय कुठे? मी सांगितलंय त्यांना."

"नोट जुनीच आहे, सर. त्या बाहेर बाकावरच बसल्यात."

"अरेच्चा. पाठवा. तपासतो आणि लिहितो."

त्यांनी तपासून नवी नोंद लिहिली. मी कोड बदलून प्रिंट डॉक्टरांच्या खोलीत नेऊन दिली. सुजातानं ती आईला दोनदा वाचून दाखवली.

"आता लेकराला घेऊ का मी?" कौसाबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"बाई, आधीही घेता आलं असतं. हा आजार मांडीवर घेऊन लागत नाही. तपासणी मात्र चुकवू नका."

कौसाबाईंनी हळूच लेकीच्या पोटावर हात ठेवला. इतके महिने तो ठेवला नव्हता, हे सुजाताच्या चेहऱ्यावरून कळलं. मग त्यांनी तिची पिशवी आपल्या खांद्याला लावली. "चल, घरी. जयभीम, ताई."

आमच्या धंद्यात म्हणतात, लिहिलं नाही ते झालंच नाही. हे फक्त कोडरच मानतात, असं मला वाटायचं.