जवादीवाल्या भीमाण्णाचं नाक

आमच्या धंद्यातले किस्से मुद्दाम कुणी जमवले नाहीत. ते आपोआप साठले. सापळा लावला की माणसाला दुसरं काम राहत नाही. जनावर येईस्तोवर बसून राहायचं, आणि बसल्या बसल्या एकमेकांची उणीदुणी काढायची. आम्ही तिघं होतो, भीमाण्णा, गंगाराम आणि मी. तीस वर्षं एकमेकांची काढली. आता ती दोघं राहिली नाहीत. त्यांची काढायचा हक्क सगळा माझ्याकडं आलाय, आणि उलटून बोलायला कुणी नाही.

धंदा काय, ते आधी सांगतो. खानापूरच्या रानात जवादी मांजर असतं. कानडीत पुनुगु म्हणतात. अंगावर ठिपके, शेपटीवर कडी, आणि शेपटीखाली एक पिशवी. पिशवीत लोण्यासारखा पिवळट, उग्र वासाचा माल असतो. तीच जवादी. नुसती नाकाला लावली तर पोटात ढवळतं. पण कणभर अत्तरात नाहीतर जर्द्यात घातली की असा वास सुटतो, की रस्त्यानं जाणाऱ्यानं मागं वळून बघावं. पैसेवाले मांजर पिंजऱ्यात पाळून माल खरवडून काढायचे. आम्ही मारून पिशवी कापायचो. खोटं कशाला बोलू?

*

आमचं गिऱ्हाईक एकच, निपाणीचे एक तंबाखूचे शेट. माल घेऊन बेळगावहून भाड्याच्या बैलगाडीनं जायचं. एकदा मी आणि भीमाण्णा निघालो, तर गाडीत आणखी पाच जण होते. संकेश्वर येईस्तोवर एकेक करून पाचही जण उतरले आणि गाडीच्या मागून चालायला लागले!

गाडीवानाला उतरता येईना. पटका नाकावर बांधून तो म्हणाला, "भाडं दोगांचं दिलंसा, आन गाडी आख्खी घेतलीसा!"

निपाणीत पोचलो. शेट एका पाहुण्याच्या मनगटाला अत्तर लावत होते. पाहुण्यानं वास घेऊन डोळे मिटले. "वा शेट! ह्यो तर सोर्ग!" मग डोळे उघडले, तेव्हा दारातले आम्ही दिसलो. "ह्या मानसांस्नी जरा भाईर हुबं करा. लई वास मारतोय."

आम्ही बाहेर उन्हात उभे राहिलो. भीमाण्णा म्हणाला, "रामा, आपलं बरं हाय. निम्मं आपन आत, निम्मं भाईर!"

*

पिशवी वाळवणं हे खरं काम. कापायच्या आधी तिचं तोंड ओल्या दोऱ्यानं आवळायचं. सुरीचं टोक लागलं की माल गेला. मग सावलीत, वाऱ्याला, आढ्याला टांगायची. ऊन नको, चुलीची धग नको. रोज एकदा अंगठ्यानं हळूच दाबून बघायची आणि नाकाला लावायची. भीमाण्णा वासावरून सांगायचा, अजून किती दिवस. नराची का मादीची, ते सांगायचा. कधी कधी तर कुठल्या ओढ्याकाठचं जनावर, तेही सांगायचा, आणि खरं निघायचं. त्याच्या नाकाखालनं गेलेला माल शेट न उघडता घ्यायचे. त्या एका नाकावर आमची तीन घरं जेवत होती.

गंगारामाला कधी दम धरवला नाही. एका साली त्यानं पिशवी गुपचूप कौलावर उन्हात ठेवली. चार दिवसांत वरून सुपारीसारखी टणक झाली. गडी खूश! भीमाण्णानं हातात घेतली, वास घेतला आणि सुरीनं उभी चिरली. आत अळ्या.

भीमाण्णा ओरडला नाही. पिशवी त्याच्या हातावर ठेवून एवढंच म्हणाला, "गंगाराम, ह्ये मांजर तू दोनदा मारलंस."

गंगाराम त्या दिवशी जेवला नाही.

*

रानात सापळे लावायचे तर फारेस्टच्या गार्डाला सांभाळावं लागायचं. एकदा मोठा साहेब दौऱ्यावर येणार होता. गार्डानं आमच्याकडं जवादी मागितली, साहेबापुढं वासानं दरवळायचं म्हणून. भीमाण्णानं त्याला बाभळीच्या पानाएवढी दिली आणि बजावलं, "तेलात कालवा. सुईच्या टोकावर मावंल तेवडीच लावा."

गार्डाला वाटलं, हा कंजूसपणा करतोय. त्यानं सगळीच्या सगळी मिशांना चोळली.

साहेबाचा घोडा दहा पावलांवरच अडला. साहेबानं रुमाल नाकाला लावला. "इथं काय मेलंय?"

गार्डानं सलाम ठोकला. "कोन न्हाय साहेब. मीच हाय!"

आम्ही झुडपात पोट धरून हसलो. ते आमचं हसणं शेवटचं ठरलं. दुसऱ्या दिवशी गार्डानं कुऱ्हाड घेऊन आमचे अकरा सापळे फोडले. बांबू चिरून, वाकवून, बसवून एक सापळा करायला आठ दिवस लागतात. भीमाण्णा तुकडे गोळा करत होता, तेव्हा गार्ड तिथंच उभा राहून मिशा धूत होता.

*

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. तिनं कुणाला सोडलं नाही. आमच्या गावात तिरडीला बांबू पुरेनात, म्हणून फुटक्या सापळ्यांचे बांबू लोक मागून घेऊन गेले. निपाणीचे शेट महिनाभर अंथरुणात होते. भीमाण्णा तर गेलाच म्हणून मी धरून चाललो होतो. पण दोघंही उठले.

भीमाण्णा हिंडाय-फिराय लागला, त्या आठवड्यातली गोष्ट. मी त्याच्या घरी गेलो, तर तो चुलीपाशी बसून विडी ओढत होता. चुलीवरच्या भाताचा करपून कोळसा झालेला. धूर वर कौलातून निघून चाललेला. सुंद्राक्का, म्हणजे त्याची बायको, आडावरून घागर घेऊन आली आणि दारातच कडाडली, "अवो, भात जळून ग्येला की! नाक काय गहान ठिवलंय व्हय?"

भीमाण्णानं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"ग्येलंय," म्हणाला.

सुंद्राक्कानं घागर खाली ठेवली आणि दार लावून घेतलं. आढ्याला नऊ पिशव्या टांगलेल्या होत्या. भीमाण्णा म्हणाला, "रामा, गंगारामाला सांगू नगंस. त्येच्या त्वांडात तीळ भिजत न्हाय. शेटला कळलं तर उद्यापास्नं दारात हुबं करनार न्हाईत."

*

तेव्हापासून माझं नाक आणि भीमाण्णाचं तोंड, असा कारभार सुरू झाला. पिशवी तो नाकाला लावायचा, मी खांद्यापाशी उभा राहून वास घ्यायचो. माल चांगला असला तर मी गप्प. वाईट असला तर खाकरायचं. तीन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

एकदा सुगीत गंगाराम पिशवी घेऊन आला. एवढी मोठी, एवढी सुरेख वाळलेली पिशवी मी त्याच्या हातची कधी पाहिली नव्हती. महिनाभर सावलीत जपली होती. शेजारच्या खळ्यात नाचणीची मळणी चाललेली. नेमकं त्याच वेळी भूस घशात गेलं आणि मला खोकला आला!

भीमाण्णानं मान हलवली. "कुजलीया. टाक."

"आण्णा, नीट बघ की! ह्या बारीला म्या कौलावर टाकली न्हाय! आक्काला इचार!"

"टाक म्हनलं न्हवं."

बोललेला शब्द भीमाण्णाला मागं घेता येईना. घेतला असता तर लोकांनी विचारलं असतं, मघाशी नाक कुठं होतं? आणि मलाही तोंड उघडता येईना. गंगारामानं पिशवी ओढ्यात फेकली. जाताना म्हणाला, "खरी फेकायची आसंल तर मग खोटीच करावी की!"

आम्हाला ते रागातलं बोलणं वाटलं.

*

पुढच्या खेपेला निपाणीला आम्ही तिघं गेलो. पाच पिशव्या होत्या. चार आमच्या दोघांच्या आणि एक गंगारामाची. घरी मी तिचा वास घेतला होता, वास जवादीचाच होता, म्हणून मी खाकरलो नव्हतो.

दुकानात शेटचा नवा मुनीम होता. तो म्हणाला, "शेट, बाजारात खोटा माल लई आलाय. लसनीनं बघू या."

लसणीची परीक्षा अशी, की सुईत दोरा ओवून आधी लसणीच्या पाकळीतनं काढायचा आणि मग पिशवीतनं. माल खरा असला तर लसणीचा वास मरतो. इतक्या वर्षांत भीमाण्णाच्या मालाला कुणी सुई लावली नव्हती. त्याचा चेहरा उतरला. पण म्हणाला, "बगा की."

आमच्या चारी पिशव्यांत लसूण मेली. मग मुनीमानं पाचवीत सुई घातली आणि दोरा बाहेर काढला.

लसणीची फोडणी दिल्यागत वास सुटला! त्याखाली म्हशीच्या खवट लोण्याचा. जवादी नुसती वरच्या कातड्याला चोळलेली. दारात उभ्या गंगारामानं मान खाली घातली. मुनीमानं नाकाला उपरणं लावलं. मी खाकरलो असतो तर भीमाण्णानं स्वतःच्या तोंडानं स्वतःचा माल खोटा म्हटला असता. मी श्वास धरून उभा राहिलो.

शेटनी दोरा भीमाण्णाच्या नाकापाशी धरला. "सांग, भीमाण्णा. मेली का लसूण?"

भीमाण्णानं वास घेतला. माझ्याकडं कान दिला. मी गप्प.

"मेली," तो म्हणाला.

मग शेटनी तो दोरा स्वतःच्या नाकाला लावला. डोळे मिटले. एकदा वास घेतला, दोनदा घेतला, बराच वेळ घेतला. साथीनंतर भीमाण्णा घ्यायचा, अगदी तसाच.

"मेली," शेट म्हणाले. "भीमाण्णाचा माल हाय."

मुनीमानं तोंड उघडलं. शेटनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं ते मिटलं आणि पाचवी पिशवी उचलून बाकीच्या चारांत ठेवली.

बाहेर आल्यावर भीमाण्णा पायरीवर टेकला. त्याची मुद्रा उजळली होती. गंगारामाचा हात धरून म्हणाला, "गंगाराम, त्या दिशी तुजी पिशवी म्या उगच फेकाय लावली, बाबा. तुजा हात आता बसलाय. शेटनी सोता नाकाला लावून बघितली. त्येंच्या नाकाला कोन फशीवनार?"