नैवेद्याआधी काढलेलं ताट

दुबईत ऊद मेथाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या घरात गणपती बसतो आणि आमच्या दारावर क्रूस आहे. समोरच्यांचा फरसाणाचा धंदा. तिथली सून, आता तीही पन्नाशीची झाली, दर वर्षी उकडीचे मोदक करते आणि देवाला दाखवायच्या आधीच आमच्यासाठी वेगळं ताट काढून ठेवते. मी कधी सांगितलं नव्हतं. तिच्या सासूनं तिला शिकवलं : त्या ख्रिस्ती आहेत, त्यांना नैवेद्याचं चालत नाही, आधी काढ. नाताळात मी करंज्या तळते आणि त्यांच्यासाठी बिनअंड्याचा केक करते. त्यांना अंडं चालत नाही.

आम्ही नगरकडचे. माझ्या गळ्यात काळे मणी आहेत आणि त्यांत सोन्याचा क्रूस. दोन्हींची मला कधी लाज वाटली नाही.

गेल्या वर्षी माझी सून प्रार्थनेच्या नव्या ग्रूपमध्ये जाऊ लागली. तो चालवणाऱ्या ताई मनानं चांगल्या. त्यांनी शिकवलं की पहिले ख्रिस्ती मूर्तिपूजकांच्या गावात राहिले, पण त्यांच्या ताटाला शिवले नाहीत. सुनेला पटलं.

"मम्मी, या वर्षीपासून ताट नको. मीच सांगते त्यांना, पोलाइटली."

"पोलाइटली सांग नाहीतर ओरडून सांग. त्या दारातनं येणंजाणं संपलं म्हणून समज."

मला ते पटलं नव्हतं. बायबलातच आहे, करिंथच्या बाजारात देवळातलं मटण विकायला यायचं. कोणी खायचं, कोणी नाही, आणि त्यावरून मंडळीत भांडणं व्हायची. म्हणजे सगळे एका मताचे तिथंही नव्हते. पण घर आता सुनेचं आहे.

चतुर्थीला दुपारी ग्रूप आमच्याच हॉलमध्ये जमला होता. बेल वाजली. समोरचे भाऊ ताट देऊन लगेच परत गेले. सून ताट हातात धरून उभी. ताई तिच्याकडे बघत होत्या. मी उठले आणि एक मोदक उचलला. म्हटलं, शेवटचा तर शेवटचा.

तेवढ्यात शेजारीण धावत आली. हात पिठानं भरलेले.

"मावशी, थांबा! खाऊ नका!" तिनं माझ्या हातातला मोदक काढूनच घेतला. "ह्यांनी चुकीचं ताट उचललं. हे नैवेद्याचं आहे. एक काम नीट करतील तर शपथ!"

खरंच, मोदकांखाली दूर्वा होत्या. ती ताट घेऊन गेली आणि दुसरं घेऊन आली.

"हे तुमचं. देवापुढं गेलेलं नाही. बिनधास्त खा."

ताईंनी हळूच विचारलं, "तुम्ही दर वर्षी असं वेगळं काढता?"

"मग? मावशी काय आजच्या आहेत?"

"सो, कॅन वी ईट नाऊ?" नात म्हणाली.

मी सुनेच्या तोंडाकडे बघत होते. नको म्हणायचं तिनं ठरवून ठेवलं होतं आणि शेजारीण समोरच उभी होती. सुनेनं ताट घेतलं, टेबलावर ठेवलं.

"बसा ना वहिनी," ती म्हणाली. "तूप आणते."

ताईंनी मोदक खाल्ला नाही, नुसता चहा घेतला. कोणी आग्रह केला नाही. जाताना समोरच्या दारातल्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून त्या कडेनं गेल्या, ते मी पाहिलं.

पहिले ख्रिस्ती रोमच्या बादशहाच्या पुतळ्यापुढं वाकले नाहीत. मीही कुठल्या मूर्तीपुढं वाकलेली नाही, आणि समोरच्या बाईनं मला कधी वाकायला सांगितलं नाही. उलट माझ्या हातून चूक होऊ नये म्हणून ती धावत आली. अशी शेजारीण परक्या मुलखात मी जोडली आहे, आणि हे मी कोणालाही ताठ मानेनं सांगते.

नाताळात केक सुनेनं केला, बिनअंड्याचा. मधे जरा बसला होता. तिनंच तो समोर नेऊन दिला.