मूठभर कुटार कुठे गेलं?

गेल्या सोमवारी दुपारी आमच्या रिसोडला तासभरच पाऊस झाला, पण जोराचा. तेवढ्यात कॉलनीच्या गल्लीत गुडघाभर पाणी आलं आणि समोरच्या सुशीलावहिनींच्या घरात शिरलं.

वहिनी एकट्या राहतात, शाळेचे गणवेश शिवतात. मी मदतीला गेलो, दोघांनी मिळून शिलाई मशीन पलंगावर चढवली... तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, दोन वर्सांत तिसऱ्यांदा हाय हे. आता आलं तं घर विकते अन् लेकीकडे जाते."

मला कोडं पडलं. वहिनी इथे पंधरा वर्षं राहतात. यापेक्षा मोठे पाऊस झाले. मग पाणी दोनच वर्षांपासून का शिरतं?

रामरावकाकांना विचारलं. ही कॉलनी त्यांच्याच शेतावर वसली आहे. ते म्हणाले, "पाऊस येऊ दे, मंग दाखवतो."

बुधवारी पाऊस आला. काका घमेलंभर कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा, घेऊन वरच्या रस्त्यावर उभे होते. त्यातलं मूठभर त्यांनी वाहत्या पाण्यावर सोडलं आणि म्हणाले, "याच्या मांगं चाल."

आम्ही दोघं भिजत चाललो. पानटपरीवरून कोणीतरी विचारलंच, "काय काका, कुटाराची वरात काहाडली का?"

कुटार डांबरावरून सुसाट निघालं. इथे काळी माती होती तेव्हा निम्मं पाणी तीच प्यायची, काका सांगत होते. आता रस्ता डांबरी, अंगणात फरशी... पाण्याला कुठे मुरायला जागाच नाही. सगळं एकदम नालीत.

आमच्या मारुतीच्या देवळापाशी कुटार थांबलं. दोन गिरक्या घेतल्या, डावीकडे वळलं... आणि थेट वहिनींच्या दाराकडे गेलं.

देवळापुढच्या नालीवर आम्ही देवळाच्या मंडळानं दोन वर्षांपूर्वी स्लॅब टाकला होता. भंडाऱ्याची पंगत चिखलात बसते म्हणून. खाली पाण्यासाठी एक पाइप ठेवला. काम उन्हाळ्यात झालं, नाली कोरडी होती. एवढा पाइप पुरे, असं मीच म्हणालो होतो.

काका स्लॅबकडे बघत म्हणाले, "इथं लवण होती, खोलगट जागा. साऱ्या वावराचं पाणी इथूनच जाय. माह्या बापानं तिथं कधी नांगर नाही घातला... तुमी पंगत बसवली."

वहिनी उंबऱ्यावर पोती रचत होत्या. त्यांना खरं काय ते सांगितलं. हातातलं पोतं खाली ठेवून म्हणाल्या, "दरसाल पयली पंगत मीच वाढते ना हो तिथं."

त्या रात्री... देवापुढे दिवा लावला, पण मन लागलं नाही.

देवाच्या दारचं बांधकाम मोडायचं का, यावर मंडळात बरीच चर्चा झाली. शनिवारी सकाळी मारुतीला नमस्कार केला आणि पहिला घण मीच घातला. दुपारपर्यंत नाली मोकळी झाली.

रविवारी पुन्हा तसाच पाऊस आला. काका घमेलं घेऊन हजर. वहिनी छत्री न घेताच आल्या, "थांबा, मले टाकू द्या."

कुटार देवळापाशी आलं, जरा रेंगाळलं... आणि सरळ खाली निघून गेलं. वहिनी ते दिसेनासं होईपर्यंत बघत होत्या. मग घरी गेल्या. थोड्या वेळानं मशीनचा आवाज आला.

या वर्षी भंडारा चिखलातच होईल. मारुतीराया रागावेल असं मला वाटत नाही.