नुसते ओठ हलव

"तू नुसते ओठ हलव. आवाज टेपमधून येईल."

मॅडम म्हणाली. म्हणाल्या नाही, म्हणालीच. स्टाफरूममध्ये, सगळ्या टीचरांसमोर, चहा पिता पिता. पलासियातली, बड्या लोकांच्या वस्तीतली, ती इंग्लिश मीडियम शाळा तिच्या मालकीची. आजोबा संस्थानच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवायची. दुसऱ्या दिवशी ॲडमिशनसाठी पालक येणार होते. मी पहिलीला वाचायला कसं शिकवते, ते त्यांना दाखवायचं होतं.

शिकवणं माझंच होतं ना! सी-एच आलं की पोरं गोंधळायची. चेअरमध्ये च, स्कूलमध्ये क, मशीनमध्ये श. अक्षरं तीच, आवाज वेगळे. बाकीच्या टीचर म्हणायच्या, रट्टा मारा. मी पोरांना तोंडासमोर तळहात धरायला लावायची. च म्हटलं की हवेचा झटका लागतो. श म्हटलं की फुंकर लांबत जाते. क म्हटलं की जीभ मागे गळ्याशी अडते, तिथे बोट लावायचं. पोरं खिदळत शिकायची आणि एकदम पक्कं शिकायची.

हे मला बाबांकडून आलं. ते मिलमध्ये विणकर. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. त्या खडखडाटात बाबांचे कान गेले. मग मिलही बंद पडली. घरी आम्ही अजून तसंच बोलतो, आवाज न काढता. कोणता आवाज तोंडात कुठे बनतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मॅडमला ते सगळं पाहिजे होतं. फक्त मी नको होते.

"बडे लोक येणार आहेत. तुझ्या इंग्लिशला परदेशीपुऱ्याचा वास येतो."

टीचर हसल्या. परदेशीपुरा म्हणजे आमची मिल कामगारांची वस्ती. मॅडमच्या कॉन्व्हेंटवाल्या भाचीने टेप आधीच भरून ठेवली होती. म्हणजे मॅडम सगळं ठरवूनच मला सांगत होती. वर म्हणाली, तुझे वडील आता रिकामेच असतात ना, त्यांनाही बोलव, पाणी वाटतील.

मी हो म्हणाले. काय करणार? घरात कमावणारी मी एकटी. त्या 'हो'ची मला अजून चीड येते.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. टेपचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं, लाज वाटली. पाण्याचा ट्रे घेऊन ते भिंतीशी उभे राहिले. टेबलाखाली टेप सुरू झाली. मी फळ्यासमोर ओठ हलवू लागले. भाचीचा आवाज हॉलभर. पालक माना डोलवत होते.

बाबांना टेप ऐकूच येत नव्हती. ते माझे ओठ बघत होते. त्यांच्या हिशेबाने त्यांची पोरगी बड्या लोकांसमोर इंग्लिश बोलत होती. डोळे भरून आले त्यांचे. कान गेल्यापासून ते मोठ्यानेच बोलतात. शेजारच्या पालकाला म्हणाले, "माझी पोरगी आहे ती. ऐका, कसं बोलते."

हॉल हसला. मॅडमने चुटकी वाजवली, बाहेर जा म्हणून. त्यांना चुटकी कुठून ऐकू येणार? मग तिने येऊन त्यांची बाही धरली आणि ओढली. ट्रे कलंडला. पाणी इस्त्रीच्या शर्टावर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड मिटलं.

टेप चालूच. चेअर. स्कूल. मशीन. गोड आवाज, आणि मी ओठ घट्ट मिटून उभी. लोक माझ्याकडे बघायला लागले, मग वाकून टेबलाखाली. मॅडम लांबून हाताने खुणावत होती, हलव, हलव.

हलवले. बाबांकडे बघून, आवाज न काढता. बाबा, ट्रे ठेवा, घरी चला.

त्यांना बरोबर समजलं. ट्रे त्यांनी मॅडमच्या खुर्चीवर ठेवला. दाराशी मी वळले.

"आवाज हिच्या भाचीचा आहे," मी म्हणाले. "शिकवणं माझं आहे. परदेशीपुऱ्याचं."

रस्त्यात मी बाबांना सगळं सांगितलं. ते माझे ओठ बघत चालत होते. मग म्हणाले, "नोकरी गेली ना? मग आता कशाला दबून राहायचं?"

नाही राहिले. तिच्या फाटकासमोरच, सायकलच्या दुकानावर, खोली घेतली. क्लासचा बोर्ड लावला. शाळा सुटली की तिचीच पोरं माझा जिना चढतात. काहींच्या आईबापांनी तिच्या शाळेतून पोरांचं नाव काढूनही टाकलं. मॅडमचा निरोप आला, झालं गेलं विसर, परत ये, या वेळी आवाजही तुझाच. निरोप आणणाऱ्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

खिडक्या मी मुद्दाम उघड्या ठेवते. सी-एचचे सगळे आवाज पोरांकडून ओरडून घेते, तिच्या ऑफिसात पोचतील असे. ती पडदा ओढून घेते, ते मला इथून दिसतं. मला तिची दया येत नाही आणि येऊही देणार नाही. मिलच्या फाटकाला कुलूप लागलं, तेव्हा मी बाबांचा हात धरून उभी होते. तिच्या फाटकाला लागेल, तेव्हा मी या खिडकीत असेन. बाबांना हाताला धरून आणेन आणि दाखवेन.