जाहिरातीतल्या भिंतीवरचा प्लग

भिंतीवरचा प्लग चुकीचा होता.

रेवा आणि ईशान, तुमच्या टोरांटोच्या घरी माझा मिक्सर ज्यात बसला नाही, तसला तो कॅनडा-अमेरिकेतला प्लग. दोन उभ्या चिरा आणि खाली एक गोल भोक. आमच्याकडे एमिरेट्समध्ये तीन चौकोनी भोकं असतात. मी कॉम्प्युटरवर रील मागे नेलं आणि पुन्हा थांबवलं. एक मुलगी आमच्या कंपनीचा पांढरा डबा हातात धरून हसत होती. तिच्या डाव्या खांद्यामागे तो प्लग. आणि माझ्या टेबलावरच्या करारात लिहिलं होतं, 'चित्रीकरणाचं ठिकाण: उम्म अल कुवैन.' म्हणजे इथलंच, आमचं गाव.

त्या कराराखाली कंपनीतर्फे माझी सही लागणार होती. दुपारचे अडीच वाजले होते. मुलगी तीनला येणार होती.

आधी थोडं समजावून सांगते. आमची कंपनी उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात वॉटरप्रूफिंगचं केमिकल बनवते. गच्ची गळू नये म्हणून लावतात ते. मी तिथे ॲडमिन आणि कॉन्ट्रॅक्ट्स बघते. कराराला जोडलेले कागद आणि करारातला मजकूर जुळतो की नाही, हे तपासून सही करायची, एवढंच माझं काम. अठ्ठावीस वर्षं तेच केलं.

मालक साहनीसर अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत शिकलेले. तिथल्या टीमवर त्यांचा फार जीव. अशा पैसेवाल्या चाहत्यांना तिकडे 'बूस्टर' म्हणतात. पूर्वी कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यायला बंदी होती. आता खेळाडू जाहिरात करून कमावू शकतात. मग बूस्टर काय करतात, तर आवडत्या खेळाडूला आपल्याच कंपनीच्या जाहिरातीत घेतात. जाहिरात नावाला, मदत खरी.

साहनीसरांना त्या कॉलेजच्या स्विमिंग टीमच्या यादीत एक नाव दिसलं. इरा कुलकर्णी, यूएई. त्यांचा आनंद गगनात मावेना. "अपनी लड़की है, मिसेस जोशी! अवर ओन गर्ल!" त्यांनी करार ठरवला एक लाख दहा हजार दिरहॅमचा. रुपयांत पंचवीस लाखांच्या पुढे. गच्चीचं केमिकल विकायला पोहणारी मुलगी कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "शी नोज वॉटर."

इराला त्या पैशांची गरज होती. तिला अर्धीच स्कॉलरशिप होती. उरलेली फी तिचे बाबा, संदीप, भरत. ते फुजैराला एका तेलाच्या टर्मिनलवर होते आणि त्यांचं कॉन्ट्रॅक्ट नुकतंच अर्ध्या पगारावर आलं होतं. हा करार झाला नाही तर पुढचं वर्ष नाही. सुट्टी संपवून रविवारी तिची फ्लाइट होती.

बरोबर तीनला दोघं आले. संदीप तुमच्या आजोबांचे मित्र, म्हणून मला वहिनी म्हणतात. इरा वीस वर्षांची, उंच, खांदे रुंद. खुर्चीच्या टोकावर बसली.

मी स्क्रीन तिच्याकडे फिरवला. "इरा, हे कुठे शूट केलंस?"

ती बाबांकडे बघू लागली.

"इथेच, वहिनी," संदीप म्हणाले.

"मी तिला विचारलं."

"माय डॉर्म रूम," इरा म्हणाली. "एप्रिलमध्ये. सरांनी डबा कुरियर केला होता. वॉज जस्ट अ सॅम्पल, काकू."

डॉर्म रूम म्हणजे अमेरिकेतलं होस्टेल. तिच्याकडे स्टुडंट व्हिसा. त्या व्हिसावर अमेरिकेत राहून बाहेरच्या कंपनीसाठी कमाईचं काम करता येत नाही. जाहिरात करून पैसे घेणं हे कामच धरतात. इतर खेळाडू करतात, कारण ते अमेरिकन असतात. परदेशी मुलांना कॉलेज सांगतं की करायचंच असेल तर आपल्या देशात जाऊन करा, आणि आधी आम्हाला विचारा. हे सगळं कराराला जोडलेल्या कॉलेजच्या पत्रकातच लिहिलेलं होतं. चौथ्या पानावर. चौथं पान मीच पहिली वाचत होते, असं दिसलं.

"म्हणून तर उम्म अल कुवैन लिहिलंय," संदीप हळू आवाजात म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

संदीपच्या कपाळावर घाम आला होता, आणि माझ्या केबिनमधला एसी इतका गार असतो की मी शाल घेऊन बसते.

तेवढ्यात साहनीसर आत आले. हातात त्यांचं खास पेन. "यल्ला, यल्ला! चलो, साइन करो, फोटो खींचो, केक मंगवाया है."

मी त्यांना प्लग दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "मिसेस जोशी, हू लुक्स ॲट अ प्लग?"

"ज्याला तपासायचं असेल तो बघतो, सर."

"ठीक है. यहाँ फिर से शूट कर लो. शी इज होम नाऊ. प्रॉब्लेम खलास."

खरं सांगते, मलाही क्षणभर तसंच वाटलं. मुलगी इथेच आहे, डबा इथेच आहे, दुसरं रील करायला दहा मिनिटं लागतील. तरी मी हनीफभाईंना हाक मारली. हनीफभाई आमचे पीआरओ. आखातात पीआरओ म्हणजे व्हिसा आणि परमिटची सरकारी कामं करणारा माणूस. त्यांनी उभ्याउभ्याच करार वाचला आणि मान हलवली.

"मैडम, ये लड़की बाप के वीज़ा पे है. काम का परमिट नहीं. ऑनलाइन ऐड का परमिट अलग. बिना परमिट यहाँ शूट किया, तो इधर भी केस, बाप पे भी बात आएगी." मग त्यांनी तिचा पासपोर्ट उघडला. "और इसका होम कंट्री तो इंडिया है. कॉलेज के फॉर्म में यूएई क्यों लिखा?"

"बिकॉज आय ॲम फ्रॉम हिअर," इरा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "शारजात जन्मले. इथेच शाळा. मी पुण्यात टोटल चाळीस दिवस राहिले असेन, काकू. दॅट्स नॉट होम."

तिचं काय चुकलं? तुमची आईही इथेच वाढली. शाळेच्या फॉर्मवर तीही असंच लिहायची, आणि मी खोडून दुरुस्त करायचे. पण या मुलीचं कुणी दुरुस्त केलं नव्हतं. कॉलेजच्या यादीत ती यूएईची होती, पासपोर्टवर भारताची, आणि कागदोपत्री यूएईत ती फक्त बापाच्या व्हिसावरची मुलगी होती. अमेरिकेत कमवायची परवानगी नाही, इथेही नाही. परवानगी होती त्या देशात ती चाळीस दिवस राहिली होती.

साहनीसर माझ्याजवळ आले. आता आवाज खाली. "जस्ट साइन. आय विल टेक रिस्पॉन्सिबिलिटी."

"सही माझी असेल, सर."

"आपका वीज़ा रिन्यूअल कब है? सप्टेंबर?"

त्यांनी ते अगदी सहज विचारलं. तुम्हाला हे कळणार नाही, म्हणून लिहिते. माझा व्हिसा कंपनीचा. तुमच्या आजोबांचा व्हिसा माझ्या व्हिसावर. त्यांच्या हृदयाच्या गोळ्या कंपनीच्या इन्शुरन्सवर. त्यांनी माझ्यापुढे ठेवलेलं पेन मी त्यांच्याच बाजूला सरकवलं.

ते बाहेर गेले. काचेचं दार जोरात लागलं.

संदीप रडवेले झाले होते. "वहिनी, मीच सांगितलं तिला ठिकाण उम्म अल कुवैन लिहायला. फाडून टाकू का? रील डिलीट करू का?"

"थांबा," मी म्हणाले. "इरा, तुझ्या कॉलेजात परदेशी मुलांचं ऑफिस आहे. तिथे फोन कर आणि जे झालं ते सांग."

"दे विल सेंड मी होम." मग ती थांबली. "व्हिच होम, आय डोन्ट नो."

"रविवारी विमानतळावर तुझ्या फोनमध्ये सापडलं तर जास्त वाईट."

त्या दिवसांत अमेरिकेच्या विमानतळांवर विद्यार्थ्यांचे फोन तपासून त्यांना परत पाठवल्याच्या बातम्या येत होत्या. संदीप त्या रोज वाचत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तिकडे सकाळचे नऊ म्हणजे इथे संध्याकाळचे पाच. दीड तास उरला होता. हनीफभाईंनी चहा पाठवला, तो तसाच निवला. केकही आला. रिसेप्शनवरून विचारणा झाली की 'काँग्रॅच्युलेशन्स इरा' लिहिलेला केक कुठे ठेवायचा. फ्रीजमध्ये, मी म्हणाले. संदीप खिडकीशी उभे राहून ट्रक मोजल्यासारखे बघत होते. इरा अंगठ्याचं नख कुरतडत होती. मला सारखं वाटत होतं की मी चूक करतेय. एका मुलीचं शिक्षण माझ्या नीटनेटकेपणापायी बुडणार, आणि सोबत आमचं घरही.

पाचला फोन लागला. स्पीकर चालू. आधी संगीत. बराच वेळ संगीत. मग एक बाई.

इराने सगळं सांगितलं. डबा, रील, होम कंट्रीचा रकाना. मध्ये दोनदा अडखळली. पलीकडे टायपिंगचा आवाज येत होता. मग त्या बाईंनी तीन प्रश्न विचारले.

रील कुठे पोस्ट केलंस का? नो.

पैसे घेतलेस का? नो.

करारावर सही केलीस का?

इराने करार हातात घेतला आणि शेवटचं पान उलटलं. दोन्ही ओळी कोऱ्या होत्या. "नो मॅम. नोबडी हॅज."

बाई म्हणाल्या, रील डिलीट करू नकोस, आम्हाला पाठव. झालं ते लिहून पाठव. आम्ही फाइलला पत्र लावू, त्याची प्रत जवळ ठेव. विमानतळावर काय होईल याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. फोन बंद झाला.

"डिलीट करू नकोस?" संदीप ओरडलेच. "ते घेऊन जायचं? स्वतःच्या हाताने?"

"हो," मी म्हणाले.

रविवारी ती गेली. तिची फ्लाइट उतरायची वेळ झाली, तेव्हा मी डाळ निवडत बसले होते. तासभर काही नाही. संदीपचा फोन आला, "तिला दुसऱ्या खोलीत नेलंय." मी डाळ पुन्हा निवडायला घेतली. आजोबा म्हणाले, "निवडलेली आहे ती." मी तरी निवडत राहिले. आणखी पन्नास मिनिटांनी इराचा मेसेज आला. 'थ्रू. ऑफिसर वॉच्ड द रील. ट्वाइस. रेड द लेटर. सेड वेलकम बॅक.'

मी डाळीचं ताट खाली ठेवलं आणि कुकर लावला.

ऑफिसात पुढे दोन महिने एकही करार माझ्या टेबलावर आला नाही. सप्टेंबरात माझी रिन्यूअलची फाइल साहनीसरांच्या टेबलावर अकरा दिवस पडून होती. रोज सकाळी मी काचेतून बघायचे, फाइल तिथेच. आजोबांना सांगितलं नाही. बाराव्या दिवशी सही झाली. साहनीसर फक्त एवढं म्हणाले, "आपने मेरा केक वेस्ट किया."

इराने होम कंट्रीचा रकाना दुरुस्त केला. करार नव्याने कॉलेजकडे पाठवला, शूटिंग डिसेंबरच्या सुट्टीत पुण्यात. कॉलेजच्या तपासणीवाल्यांनीही माझाच प्रश्न विचारला, गच्चीच्या केमिकलला पोहणारी कशाला. शेवटी त्यांनी एक चतुर्थांश रक्कम मान्य केली. उरलेल्यासाठी संदीपनी गाडी विकली आणि ते आता कारपूलने फुजैराला जातात. इरा कॉलेजच्याच लायब्ररीत काउंटरवर बसते. कॅम्पसवरचं काम चालतं. पोहण्याच्या शर्यतीतली तिची वेळ थोडी घसरली, असं ती म्हणते.

तुम्ही दोघं कधी ना कधी फॉर्म भराल. रकान्यात मनातलं लिहू नका, पासपोर्टवरचं लिहा. मनातलं मला पत्राने कळवा.

डिसेंबरात नवं रील आलं. इरा पुण्यात मावशीच्या हॉलमध्ये उभी आहे, हातात तोच पांढरा डबा. करार माझ्या टेबलावर आला तेव्हा मी तिचा चेहरा नंतर पाहिला. आधी भिंत पाहिली. प्लगला तीन गोल भोकं होती. मग सही केली.