मूळ सोडून

"मूळ सोडून कापा, सर," असं म्हणत काका दोन बोटांची कात्री हवेत चालवून दाखवायचे. दर वेळी. ऑफिसात मी त्यांचा साहेब होतो, पण ओहोटी लागली की साहेब ते असायचे.

महाप्याला आमची प्रयोगशाळा आहे. समुद्री शेवाळापासून पिकांसाठी द्रवखत बनवतो. काका तिथे मदतनीस होते, ऐरोलीकडच्या खाडीकाठच्या गावातले. नमुने आणायला आम्ही दरवर्षी कोकणातल्या एका खडकाळ किनाऱ्यावर जायचो. तिथे लाटा अंगावर धावून येतात, आणि नेमकं तिथेच हे तपकिरी शेवाळ खडकाला चिकटून वाढतं.

"आमच्या खाडीत आठ दिस नाय जगायचा," काका सांगायचे. "याला रोज मार लागतो. आमच्या मेव्हन्यासारका हाय."

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "काका, शास्त्रात याला मूळ म्हणत नाहीत. हे नुसतं खडकाला धरून ठेवतं."

"तुमी काय बी म्हना. धरून हाय ना? मंग सोडवायचा नाय."

वरचं कापलं की ते पुन्हा फुटतं, हे मलाही पाठ होतं. पण एका वर्षी काका तापाने घरी होते, मी एकटाच गेलो, आणि ऑफिसात पाहुणे येणार होते. त्यांना दाखवायला मुळासकट अख्खा नमुना हवा होता. मी छिन्नी चालवली. एक धड निघेपर्यंत बाकीची तुटत गेली, आणि काकांच्या आवडत्या खडकाची एक बाजू मी साफ करून टाकली.

तो नमुना काकांनीच कागदावर लावला. परातीतल्या पाण्यात तरंगत ठेवून सुईने एकेक फांदी मोकळी केली. मुळाशी आल्यावर हात थांबला.

"एकच काडला ना, सर?"

"एकच," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी काका त्या खडकापाशी गेले आणि तळहाताने तो चाचपत राहिले. खडक उघडा होता. "पावसाळ्यात लाटा जोरात होत्या," मी म्हटलं. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.

"लाट पान नेते, सर," ते शांतपणे म्हणाले, "मूळ नाय नेत."

त्यावरून मला ते कधी बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नंतर मात्र गुडघ्यांचं कारण सांगून किनाऱ्यावर यायचे थांबले, मग निवृत्त झाले. "एकदा घरी या, खाडीतला ताजा मावरा खायला," म्हणाले होते. रबाळे ओलांडलं की त्यांचं घर, दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. गेल्या वर्षी गेलो तो त्यांच्या दहाव्याला.

तो नमुना आजही प्रयोगशाळेच्या दारात काचेत लावलेला आहे. येणारा प्रत्येक जण थांबतो, म्हणतो, "वा, मुळासकट!" आमच्याकडे नमुन्यांच्या चिठ्ठ्या आधीच छापून ठेवलेल्या असायच्या, कारण आणणारा माणूस ठरलेला होता. त्यामुळे खाली कोपऱ्यात 'संग्राहक' म्हणून काकांचंच नाव आहे.

काकांनी ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने चिकटवली होती.